गॉर्टमोर बिनविरोध

गर्व्हन, स्कॉटलंड
२० ऑक्टोबर १९१८

ऑनर आत्या,

पत्राला उशीर झाला म्हणून चिडली असशील तर थोडा राग शिल्लक ठेव, पुढे लागणार आहे.

सध्या आम्ही बटाटे काढतोय. मालकानं गायी बाहेर काढून आम्हाला त्यांच्या गोठ्यात झोपायला दिलंय. गायी रोज संध्याकाळी दाराशी येऊन आमच्याकडे अशा बघतात की मीच मान खाली घालतो. त्यातली एक तांबडी अगदी आपल्या मिसेस लाव्हेलसारखी दिसते, दुकानात उधार मागितल्यावर ती बघते ना, तश्शी. पण ते जाऊ दे. मुद्दा वेगळाच होता.

आपल्या कॅरोडूनचा फेस्टी इथं आमच्याच टोळीत आहे. पुलाकडच्या हेशनांचा फेस्टी. काल कुणीतरी पेपर आणला, त्यात निवडणुकीची बातमी. मी मोठ्यानं वाचायला लागलो. तर हा म्हणतो, "बघा बघा, आंधळ्या हेशनांचा पोरगा वाचतोय!" सगळे हसले. मी म्हटलं, आजोबांचे डोळे अधू होते, त्यात हसण्यासारखं काय आहे? तर म्हणतो, "डोळे? अरे, तुझ्या आजोबाला डोंगरावरचा ससा दिसायचा. अठराशे ब्याण्णवच्या निवडणुकीत भर शाळेत उभा राहून म्हणाला, मला वाचता येत नाही. म्हणून तुम्ही आंधळे. तुला कुणी सांगितलं नाही?"

मला कुणी सांगितलं नाही, आत्या. गावात हेशन म्हणजे पायलीला पन्नास, म्हणून कुणी लाल हेशन, कुणी पुलाचे, कुणी अमेरिकेचे आणि आपण आंधळे, एवढंच मला ठाऊक. जो माणूस दर शनिवारी लोहाराकडे बसून सगळ्या गावाला पेपर वाचून दाखवायचा, ज्यानं मला मांडीवर घेऊन अक्षरं गिरवायला लावली, तो म्हणाला मला वाचता येत नाही? मी फेस्टीला बटाटा फेकून मारला. मोठा होता. आता त्याचा डोळा सुजलाय आणि टोळीत त्यालाच आंधळा म्हणतात.

खरं-खोटं लिही. आणि ऐकलं की बायकांनाही मत मिळालं. जमीन तुझ्या नावावर, वय तीसच्या पुढचं, म्हणजे तुझं नाव यादीत असणार. माझं नसणार, अजून एकवीस पूर्ण नाहीत, आणि सहा महिने एका जागी तरी मी कधी होतो? तू तरी ताठ मानेनं जाऊन त्या म्हाताऱ्या डेव्हनीला घरी बसव. सव्वीस वर्षं खासदार, आणि कॅरोडूनला यायचा रस्ता तरी ठाऊक आहे का त्याला?

मॅलाकी

---

कॅरोडून
२ नोव्हेंबर १९१८

मॅलाकी,

'निरक्षर' हा शब्द पाकिटामागच्या ओळीत तू चुकीचा लिहिला आहेस, ते आधी बघ.

फेस्टी म्हणतो ते खरं आहे. बाबांनी तसं म्हटलं. पण अर्धं ऐकून बटाटे फेकू नयेत म्हणून थोडं सांगते.

ते वर्ष फुटीचं. पुढाऱ्याच्या प्रेमप्रकरणावरून पक्ष फुटला, पुढारी वारला, भांडण मात्र राहिलं. गॉर्टमोर मतदारसंघ तेव्हा सात वर्षांचा. पहिल्या वेळी कुणी विरोधातच नव्हतं, त्यामुळे आमच्याकडे मतदान म्हणून काही असतं हे त्या जुलैत पहिल्यांदा कळलं. एका बाजूला ल्यूक डेव्हनी, त्याच्या पाठीशी फादर कनॅव्हन. दुसऱ्या बाजूला मेलेल्या पुढाऱ्याचा माणूस, टिमोथी स्कॅन्लन.

मतदान गुप्त होतं. पडद्याआड जायचं, फुली मारायची, घडी घालायची. पण ज्याला वाचता येत नाही त्यानं अधिकाऱ्यासमोर नाव बोलायचं, आणि उमेदवारांची माणसं तिथंच बसलेली असायची. फादर रविवारी वेदीवरून म्हणाले, "ज्याच्या मनात खोट नाही त्याला पडदा कशाला हवा? वाचता येत नाही म्हणा आणि आम्हाला ऐकू द्या. पडद्याआड जाईल त्याला आम्ही ओळखून राहू."

त्या दिवशी अख्खा गाव अक्षरं विसरला. ज्यांनी दुकानाच्या पाट्या रंगवल्या ते विसरले. गॅनन मास्तर, ज्यांच्या छडीचे वळ माझ्या पिढीच्या तळहातांवर आहेत, ते स्वतःच्याच शाळेत, स्वतःच्याच फळ्याखाली उभे राहून म्हणाले, "मला वाचता येत नाही." फळ्यावर त्यांच्याच हातचे पाढे होते.

आणि हो, बाबाही त्या रांगेत होते. पुढचं मी लिहिणार नाही. घरी ये आणि विचार.

माझं नाव यादीत आहे. चर्चच्या दाराला लावली होती, चारदा जाऊन बघितलं. हिरवा कोट उन्हात टाकलाय.

आत्या

---

गर्व्हन
१९ नोव्हेंबर १९१८

आत्या,

युद्ध संपलं, लोक रस्त्यात नाचतायत, एका अनोळखी म्हातारीनं माझा मुका घेतला, आणि मी तोंड वाकडं करून बसलोय. का, तर मास्तर!

मला त्या मास्तरांनी 'बुधवार' चुकला म्हणून कोपऱ्यात उभं केलं होतं! त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं, नाही का? सरकारदरबारी नोंद आहे! अशा माणसाच्या थडग्यावर काही कोरलं असेल तर ते खोडून काढा, त्यांना काय वाचता येणार?

आणि तो धर्मगुरू! पण ते दोघं परके. आजोबांचं काय? मी त्यांना वाघ समजत होतो. पोलीस दारात आले तेव्हा दूध उतू जाईल म्हणून आधी चूल बघणारा माणूस. तोच माणूस मेंढरासारखा रांगेत लागला आणि फादरना हवं ते बोलून आला. भित्रा होता, आत्या. तुला वाईट वाटेल, पण भित्र्याला भित्राच म्हणायचं. आपल्याला आंधळे म्हणतात ते बरोबरच आहे. उलट कमीच म्हणतात.

इथं एक माणूस पोपट विकतोय, तो पोपट फक्त "देव राजाचं भलं करो" म्हणतो. त्याला दुसरं काही शिकवता येईल का म्हणून मी दोन दिवस घालवले. येत नाही. आजोबांची आठवण झाली.

तू घरी ये म्हणतेस. मी येत नाही. यापुढे नुसतं मॅलाकी लिहिणार, आडनाव नाही.

मॅलाकी

---

कॅरोडून
६ डिसेंबर १९१८

मॅलाकी,

पोपटाची ओळ वाचली आणि पत्र चुलीत घातलं. मग राख बघत बसले. लिहिणार नव्हते, आता लिहिते, आणि तू नीट बसून वाच.

जुलै होता, शाळेच्या खिडक्या उघड्या. मी एकोणीस वर्षांची. आम्ही मुली बाहेर भिंतीला टेकून ऐकत होतो. आत परगावचा अधिकारी, आणि बाकावर डेव्हनीचे प्रतिनिधी म्हणून फादर कनॅव्हन. एकेक जण जातो, वाचता येत नाही म्हणतो, डेव्हनी म्हणतो, फादर मान डोलवतात, पुढचा.

"नाव?"

"डॉमिनिक हेशन."

"वाचता येतं?"

"नाही, साहेब."

कुणीतरी फिस्सकन हसलं. आदल्याच शनिवारी त्यांनी सगळ्यांना पेपर वाचून दाखवला होता.

"मग मत कुणाला?"

फादरांची मान आधीच डोलायला लागली होती. बाबा म्हणाले, "स्कॅन्लन."

"कोण?" हे फादरांनी विचारलं. त्यांना मधे बोलायचा अधिकार नव्हता.

"काय दिवस आलेत, फादर," बाबा म्हणाले, "मला वाचता येत नाही, तुम्हाला ऐकू येत नाही." आणि मग रस्त्यापर्यंत जाईल अशा आवाजात, "टिमोथी स्कॅन्लन!"

अख्ख्या कॅरोडूनमधून स्कॅन्लनला मोठ्यानं पडलेलं ते एकमेव मत. पडद्याआड किती पडली देव जाणे.

पुढच्या रविवारी वेदीवरून ऐकवलं गेलं, "या गावात एक माणूस अक्षरालाही आंधळा आणि देवालाही." ते नाव तिथून आलं. डोळ्यांवरून नाही, भित्रेपणावरून नाही. त्या हिवाळ्यात आमच्या वाट्याची जळाऊ माती दलदलीतून काढायला कुणी आलं नाही. लोणी कुणी घेईना. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला आमच्या बाकावर आम्हीच. तुझा बाप तेव्हा लहान, त्याला शाळेत मास्तर प्रश्नच विचारत नसत. आणि माझ्यासाठी तळ्यापलीकडे जे घर ठरलं होतं, त्या घरी वसंतात दुसरीच सून गेली.

मी बाबांना विचारलं होतं, पडद्याआड जाऊन का नाही मारलीत फुली? म्हणाले, "चांगलं काम मी चोरासारखं का करू?" तुला हे ऐकून छाती फुगवावीशी वाटेल. मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. मत त्यांचं एकट्याचं होतं. भोगलं घरानं. त्यांनी मोठ्यानं बोलायला नको होतं, आणि त्यांच्यावर तशी वेळ आणणाऱ्यांनी तर तोंडच उघडायला नको होतं. गुप्त म्हणजे गुप्त. ते आमच्यासाठी होतं, आमच्या घरासाठी, आणि ते या लोकांनी आमच्या हातातून काढून घेतलं.

तेव्हापासून मी त्या पडद्याची वाट बघतेय. त्याच्या आत मी, एक पेन्सिल, आणि दुसरं कुणी नाही.

आता आजचं. परवा अर्ज भरायचा दिवस होता. डेव्हनीनं ओळखलं की हवा फिरलीय, त्यानं अर्जच भरला नाही. नव्या पक्षाच्या तरुणाचा, कॉलम टार्पीचा, तो जेलमध्ये आहे तो, एकट्याचाच अर्ज. म्हणजे मतदान नाही. शाळा बंदच राहणार. हिरवा कोट परत पेटीत.

आडनाव लिही. त्या माणसाचं आहे.

आत्या

---

ग्लासगो
१८ डिसेंबर १९१८

आत्या,

गाडीच्या ठेसनावर बसून वाचलं, आणि गाडी गेली तरी बसून राहिलो. पोपट, मेंढरू, भित्रा, सगळे शब्द मागे घेतो. फेस्टीला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला एवढंच ठाऊक होतं की ते लाजिरवाणं आहे." त्याला कुणी सांगितलं असणार? ज्यांनी डेव्हनी म्हटलं त्यांनीच. हे लोक गोष्टसुद्धा अर्धीच सांगतात! माझं रक्त उकळतंय. आता फेस्टीला दुसऱ्या डोळ्यावर बटाटा मारायला हवा होता, पण तो रडायला लागला, त्यामुळे आम्ही बिअर प्यायलो.

पण एक कळत नाही. टार्पी निवडून आला की! आपण जिंकलो! डेव्हनी गेला! मग तू रागावलीस का?

आणि ते तळ्यापलीकडचं घर कुणाचं होतं?

मॅलाकी हेशन

---

कॅरोडून
३० डिसेंबर १९१८

मॅलाकी,

'आपण' म्हणजे कोण? मी कुणालाही जिंकवलं नाही. टार्पी चांगला मुलगा आहे, मी त्यालाच दिलं असतं किंवा नसतंही दिलं, तेच तर ठरवायचं होतं. एक आला तो आम्हाला न विचारता, दुसरा गेला तोही आम्हाला न विचारता. लोक रस्त्यावर डबे वाजवत होते. मी मिसेस लाव्हेलला विचारलं, "कशासाठी वाजवताय?" ती म्हणाली, "आपण निवडून दिलं!" मी म्हटलं, "कधी? मी तेव्हा गाय दोहत होते का?"

तळ्याकडे या वर्षी बदकं बरीच आली आहेत.

आत्या

---

कॅरोडून
२ जून १९२१

मॅलाकी,

तुझं कार्डिफचं पत्र पोचलं. जहाजावर गेलास, मग उतरलास, मग जत्रेत गेलास, हे सगळं मी समजून घेतलं. अस्वलाला पाव खायला घालतोस ते मात्र बंद कर.

इथं पुन्हा निवडणूक झाली. म्हणजे झाली नाही. देशाचे आता दोन तुकडे केलेत, त्यातल्या आपल्या सबंध दक्षिणेत एकाही जागेवर मतदान नाही. सगळे बिनविरोध. आणि या वेळी आणखी एक केलं. गॉर्टमोर पुसून टाकलं. आता शेजारचे दोन मतदारसंघ आणि आपण मिळून एक लांबलचक नाव झालंय, त्यात गॉर्टमोर हा शब्दच नाही. छत्तीस वर्षं तो मतदारसंघ होता. त्यात एकदाच मतदान झालं, आणि त्या एका दिवशी सगळा गाव निरक्षर होता. असा मतदारसंघ जगात दुसरा नसेल. मेला तरी कुणी घंटा वाजवली नाही.

रात्री सैनिकांच्या गाड्या फिरतात, म्हणून पत्र पोस्टात देते आणि दिवसाच घरी येते. तू इतक्यात येऊ नकोस.

आत्या

---

लिव्हरपूल
१७ नोव्हेंबर १९२२

आत्या,

सहा महिन्यांत तुझं एकही पत्र नाही. पेपरात पूल उडवल्याच्या बातम्या, त्यात आपला पूल होता का? टपालही बंद होतं म्हणे. कोण कुणाला मारतंय हेसुद्धा मला नीट कळत नाही, काल एकाच टेबलावर बसलेले आज एकमेकांवर गोळ्या झाडतायत. जूनमध्ये तुमच्याकडे म्हणे पुन्हा बिनविरोध? पुन्हा! यांना मतपेट्या कुजायला हव्या आहेत का? सुतारानं कशाला बनवल्या?

आता रागावू नकोस. मी मत दिलं.

खरंच. इथं गोदीत वर्षभर टिकलो (घरमालकिणीचं जेवण चांगलं आहे, आणि तिची मुलगीही, पण ते नंतर), त्यामुळे यादीत नाव आलं. मी, जो कुठलाच नाही, त्यानं दिलं, आणि तू, जी कधी गावाबाहेर गेली नाहीस, तू अजून नाही. मला पडद्याआड उभं राहून रडू आलं. बाहेरून अधिकारी म्हणाला, "अहो, झोपलात का?"

तुझी वेळ येईल तेव्हा ऐक. पेन्सिल लहान असते आणि दोरीला बांधलेली. नावासमोर फुली मारायची, बस्स. जाड मार. अशी मार की पलीकडून दिसेल.

मॅलाकी

---

कॅरोडून
४ डिसेंबर १९२२

मॅलाकी,

हो, आपलाच पूल. मी ठीक आहे. गवताची गंजी गेली, कुणी जाळली ते विचारत नाही, दोन्ही बाजूंचे लोक ताक प्यायला माझ्याच दारात येतात.

तू मत दिलंस हे वाचून मी दार लावून घेतलं आणि अर्धा तास कुणाशी बोलले नाही, मांजराशीही नाही. मग म्हटलं, घरात कुणीतरी दिलं.

फुली कशी मारायची हे मला तू शिकवू नकोस. तीस वर्षं झाली, मी पिठावर बोटानं मारतेय.

आत्या

---

कॅरोडून
९ सप्टेंबर १९२३

मॅलाकी,

झालं. मतदान झालं. सत्तावीस ऑगस्टला, शाळेत. आता मी सांगते ते सलग वाच, मधे हसू नकोस, आणि मुख्य म्हणजे सल्ला देऊ नकोस.

हिरवा कोट घालून गेले. रांगेत सगळे, पुलाचे, लाल, अमेरिकेचे. कुणी कुणाशी बोलत नाही. हल्ली कोण कुणाला मत देतो यावरून भाऊ भावाच्या अंत्ययात्रेला जात नाही. आत टेबलापाशी अधिकारी कोण? ऑस्टिन गॅनन. मास्तरांचा मुलगा. मास्तर जिथं उभे होते त्याच फळ्याखाली खुर्ची टाकून.

"नाव?"

"ऑनर हेशन."

"आंधळ्यांपैकी ना?" असं म्हणून त्यानं प्रेमानं मान कलती केली. खरंच प्रेमानं, तेच तर वाईट. "काकू, वाचता येत नसेल तर लाजू नका. मला हळूच सांगा, मी खूण करतो. तसा नियम आहे."

मॅलाकी, माझ्या डोक्यात काय झालं ते मला सांगता येणार नाही. मी म्हटलं, "ऑस्टिन, तुझ्या बापाला वाचता येत नव्हतं. मला येतं. कागद दे."

त्याचे कान लाल झाले. मी कागद ओढून घेतला, पडद्याआड गेले. वर काहीतरी छापलेलं होतं, बरंच. ऑस्टिन बाहेरून म्हणाला, "काकू, वरच्या सूचना…" मी म्हटलं, "मला सूचना नकोत!" आणि फुली मारली. तीस वर्षांची फुली, मॅलाकी. कागद फाटायचाच राहिला. घडी घातली, पेटीत टाकली, बाहेर आले, आणि रस्ताभर पाय जमिनीला लागले नाहीत.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या फाटकाशी कळलं. नवी पद्धत आहे. एकेका मतदारसंघातून बरेच जण निवडायचे, म्हणून फुली नाही, आकडे. पसंतीप्रमाणे एक, दोन, तीन. फुली मारली की मत बाद. वर हेच छापलं होतं. माझ्यासारख्या वाचणारणीसाठी.

मी घरी येऊन भांडी आपटली. बाबांचा राग आला, तुझा आला, ऑस्टिनचा आला, सरकारचा तर फारच. इतकी वर्षं विचारलं नाही आणि विचारलं तेव्हा प्रश्नच बदलला! दहा-बारा दिवस मी दुकानातही गेले नाही.

काल गेले. फेस्टी होता तिथं, आता परत आलाय, तालुक्याला मतमोजणीत होता म्हणून फुशारकी मारत होता. दुकान भरलेलं. म्हणतो, "बाद मतं आम्हाला दाखवली. आपल्या पेटीतून एक फुली निघाली, काय सांगू! एवढी मोठी की तिचे पाय वरच्या-खालच्या दोन्ही घरांत गेलेले. कुणाला दिली तेच कळेना. असला कोण अडाणी मतदार आहे गावात?" सगळे खो खो हसले. मिसेस लाव्हेलही.

मी साखरेची पुडी ठेवली आणि म्हटलं, "माझी ती."

हसणं थांबलं. फेस्टीचं तोंड उघडंच. "ऑनर, मी… मला ठाऊक असतं तर…"

"माझी फुली. मला वाचता येतं, मी वाचलं नाही, कारण मला राग आला होता. अजून आहे. आणखी कुणाला हसायचं आहे?"

कुणाला नव्हतं. मिसेस लाव्हेल साखर पुन्हा तोलायला लागली, जी तोललेलीच होती. आणि मग, बघ हं, त्या शांततेत सगळ्यांच्या डोळ्यांत एकच गोष्ट यायला लागली. दुकानात दोन्ही बाजूंचे लोक होते. ज्यांनी माझी गंजी जाळली तेही असतील. फेस्टीनं इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "पण ऑनर, ती फुली होती कुणासाठी?"

सगळे वाट बघत होते. मिसेस लाव्हेलचा हात तराजूवर थांबला.

मी म्हटलं, "ते गुप्त आहे, फेस्टी." पुडी उचलली आणि घरी आले.

तूही विचारू नकोस.

आत्या